ओसाकातलं एक काम

बाई पोलिसाशी खोटं बोलल्या नाहीत, आणि त्यामुळेच सगळा घोटाळा झाला.

मेलबर्नमध्ये तेव्हा दुसरा मोठा लॉकडाऊन चालू होता. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं आणि व्यायामापुरतं बाहेर पडायचं, असा नियम. टार्निट या उपनगरात आमच्या इस्टेटमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, एक बांधीव तळं आहे. त्याच्याभोवती सगळी वस्ती मास्क लावून गोल गोल फिरायची. सगळे रिकाम्या हातांनी, आमच्या घरमालकीणबाई मात्र चाकांची बॅग ओढत. मी त्यांच्या मागून चालायची, ओळख दाखवावी लागू नये इतकं अंतर ठेवून.

पोलिसांची गाडी हळू होत थांबली. आतल्या तरुण पोलिसाने काच खाली करून अगदी सभ्यपणे विचारलं, "व्हेअर आर यू ऑफ टू?"

"ओसाका," बाई म्हणाल्या.

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "इज दॅट विदिन युअर फाइव्ह के?"

"टुडे इज ओन्ली प्रॅक्टिस," बाई म्हणाल्या.

बॅग उघडून दाखवावी लागली. आत तांदळाची मोठी पिशवी, तूरडाळ आणि ती हलू नये म्हणून खोचलेली उशी. पोलिसाने एकदा डाळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. एव्हाना मला ओळख दाखवणं भागच होतं. मी म्हटलं, "शी इज माय लँडलेडी." ते मी अशा सुरात म्हटलं असणार की त्याला बाकी सगळं आपोआप कळलं. "नो वरीज," म्हणाला, "सेफ ट्रॅव्हल्स."

घरी येताना बाई खुशीत होत्या. "मुलगा चांगला होता," म्हणाल्या. "भूगोल कच्चा आहे, पण."

बाई पुण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर आणि यजमान गेल्यावर मुलाने त्यांना मेलबर्नला आणलं, टार्निटला चार बेडरूमचं घर घेतलं आणि नंतर त्याचीच बदली पर्थला झाली. बाई म्हणाल्या, मी आता पुन्हा सामान हलवणार नाही. त्यांनी दोन खोल्या भाड्याने दिल्या. एकीत मी, पेरोलचं काम करणारी नाशिकची मुलगी. दुसरीत सिम्मी, जालंधरची, वृद्धाश्रमात नर्स. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं तर त्यांनी हात वर केला. "काकू नको. शाळेत बाई म्हणायचे, तेच म्हण. त्याची सवय आहे मला." सिम्मीही त्यांना बाईच म्हणायची. हिंदीत बाई म्हटलं की कसं वाटतं हे तिला माहीत होतं, त्यामुळे पहिला महिनाभर ती हा शब्द फार हळू उच्चारायची.

ओसाकाचं तिकीट त्यांनी साथ यायच्या आधी काढलं होतं. फक्त दोन दिवसांची भेट. सीमा बंद झाल्या, तिकीट रद्द झालं. दुसरं कोणी असतं तर हळहळून गप्प बसलं असतं. बाईंनी मात्र तयारीला आणखी वेळ मिळाला असा त्याचा अर्थ लावला.

ती तयारी आम्हा तिघींच्या घरात अशी पसरली की बोलता सोय नाही. स्वयंपाकघरातलं घड्याळ त्यांनी जपानच्या वेळेवर लावलं. फरक एका तासाचाच, म्हणून पटकन लक्षात येत नसे. एकदा सिम्मी त्या घड्याळाच्या भरवशावर निवांत चहा पीत बसली आणि शिफ्टला उशिरा पोचली. संध्याकाळी परत आल्यावर ती घड्याळाखाली उभी राहून शांतपणे म्हणाली, "बाई, मेरी नौकरी ओसाका में नहीं है." बाईंना ते पटलं. त्यांनी घड्याळाखाली 'ओसाका' अशी चिठ्ठी लावली आणि सिम्मीसाठी शेजारी दुसरं घड्याळ टांगलं.

ओसाकात गोल गोळे विकतात, पिठात ऑक्टोपसचा तुकडा घालून. बाईंनी त्यांचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर आप्पेपात्र." बाई शाकाहारी. ऑक्टोपसच्या जागी बटाटा आला. मग कोबीची जाड धिरडी आली, तिथली खासियत म्हणून. आम्ही आठवडेच्या आठवडे आप्पे आणि धिरडी खात होतो आणि रोज नव्याने कळत होतं की हे जपानी आहे. जपानी भाषेतलं मात्र त्यांनी एकच वाक्य पाठ केलं होतं: सकाना वा ताबेमासेन. मी मासे खात नाही. "बाकी सगळं हातवाऱ्यांनी होतं," त्या म्हणायच्या. "हे नाही होत. माशाचा हातवारा केला की ते मासाच आणून देतात." हे वाक्य त्या भाजीवाल्याला म्हणायच्या, कुरिअरवाल्याला म्हणायच्या. लसीकरणाच्या केंद्रात नर्सने "एनी अ‍ॅलर्जीज?" विचारलं तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं.

ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात. मेलबर्नला डावीकडे. लॉकडाऊन सैल झाल्यावर हॉपर्स क्रॉसिंगच्या मॉलमध्ये बाई मुद्दाम उजवीकडे उभ्या राहिल्या. मागे पिवळं जाकीट घातलेला एक कामगार घाईत होता. "कीप लेफ्ट, लव्ह," तो म्हणाला. बाईंनी त्याला वळून समजावलं की टोकियोत डावीकडे असतात, पण ओसाकात उजवीकडे. जिना वर पोचेपर्यंत त्यांचं सांगून झालं होतं. तो माणूस निघताना "चीअर्स" म्हणाला. मला वाटतं मनापासून म्हणाला असावा.

थोड्या मुदतीच्या प्रवासाबद्दल बाईंचं स्वतःचं एक शास्त्र होतं. शहरात दोन दिवस असतील तर काही पाहायला जायचं नाही, तिथे आपलं एक काम करून यायचं. त्यांनी कोलंबोत ब्लाउज शिवून घेतला होता. सिंगापूरला चपलेचा तुटलेला अंगठा बसवून घेतला होता. क्वालालंपूरला दाढ भरून घेतली होती. क्वालालंपूर म्हटलं की बाईंचा हात अजूनही डाव्या गालावर जायचा. "पाहायला गेलं की गाव आपल्याला दिवाणखान्यात बसवतं," त्या म्हणायच्या. "कामाला गेलं की मागच्या दाराने आत घेतं."

"मग ओसाकात काय काम आहे?" मी विचारलं.

"आहे एक."

"काय?"

"गेल्यावर सांगीन."

ओसाकाच का, हे मात्र त्यांनी सांगितलं. एका दुपारी कोबी चिरता चिरता. लग्नानंतर काही वर्षांनी यजमानांना कंपनीने ओसाकाला पाठवलं होतं, कसलीशी यंत्रं तपासायला. बाई बरोबर गेल्या. वर्गात दरवर्षी शिकवायच्या, ओसाका म्हणजे जपानचं मँचेस्टर, कापडगिरण्यांचं शहर. गाळलेल्या जागा भरा, एक गुण. आता ते शहर समोर होतं. यजमान सकाळी कामाला जाताना म्हणाले, तू एकटी बाहेर पडू नकोस, भाषा येत नाही, हरवशील. आणि हॉटेलच्या खोलीची किल्ली खिशात घालून निघून गेले. कुलूप नव्हतं लावलं. पण दार ओढलं की आपोआप लागायचं, बाहेर पडलं असतं तर परत आत येता आलं नसतं.

"मी," बाई म्हणाल्या, "जपानचा किनारा डोळे मिटून काढणारी. मी हरवणार." आणि सुरी कोबीत जरा जोरात गेली.

"तुम्ही भांडला नाहीत?"

"नाही गं. घाबरट होते ते. मला हरवायचं नव्हतं त्यांना, एवढंच." मग म्हणाल्या, "खिडकीतून एक गल्ली दिसायची. पश्चिमेकडे तोंड होतं, दुपारी ऊन यायचं आत. दोन दिवस ती गल्ली पाहिली मी."

मग त्यांनी चिरलेला कोबी पातेल्यात लोटला. 

बाईंना चक्रम म्हणणारे इस्टेटमध्ये बरेच होते, मीही त्यांतलीच एक. पण दुसऱ्या वर्षी, भारतात लाट आली तेव्हा, माझे बाबा नाशिकला हॉस्पिटलमध्ये होते. भारतातून येणारी विमानं बंद केलेली. मी गेले असते तर परत येणं कठीण, आणि गेले असते तरी कोणी वॉर्डात सोडलं नसतं. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी फोन धरून बसले होते. भाऊ फोन करणार होता आणि करत नव्हता. बाई आल्या. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली.

"जपान काढ," म्हणाल्या.

"बाई, आत्ता नको."

"आत्ताच. चार मोठी बेटं. उत्तरेकडून सुरू कर."

मी काढायला लागले, कारण नाही म्हणायचं त्राण नव्हतं. बाई खुर्चीमागे उभ्या राहून चुका सांगत होत्या. होक्काइडो इतकं जाड नसतं. होन्शूचं पोट आत घे. शिकोकू विसरलीस, सगळेच विसरतात. किती कागद झाले आठवत नाही. फोन वाजला तेव्हा माझ्या हातावर शिसं लागलं होतं. भाऊ म्हणाला, ऑक्सिजन वाढतोय, डॉक्टर म्हणाले धोका टळला. मी टेबलावर डोकं टेकून रडले. बाईंनी माझं रडणं संपेपर्यंत चहा ठेवला, माझ्यापुढे कप सरकवला आणि नवा कागद.

"आता नीट काढ," म्हणाल्या.

त्यामुळे पुढे बाईंनी मला तो वेडगळ बेत सांगितला तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. जपान पर्यटकांना उघडलं होतं. डिसेंबरात पुण्याला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, आणि मलाही जवळजवळ तीन वर्षांनी घरी जायचं होतं. बाईंनी मेलबर्नहून पुण्याला ओसाकामार्गे जाणारं तिकीट शोधून काढलं. नकाशात पाहिलं तर एखाद्याने पार्ल्याहून दादरला नागपूरवरून जावं, तसं ते दिसत होतं. पर्थहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपली सीमा इतकी घट्ट लावून घेतली होती की एकाच देशात राहून मायलेकांची दोन वर्षं भेट झाली नव्हती. तो काकुळतीला आला होता. "आई, सरळ सिंगापूरवरून जा ना. जपानला पुढच्या वर्षी मी नेतो. दोन आठवडे, आरामात."

"दोन आठवडे काय करायचंय?" बाई म्हणाल्या. "माझं एका दुपारचं काम आहे."

ओसाकात उतरलो तेव्हा कोरडी, बोचरी थंडी होती. सगळे मास्क लावलेले. बाई सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभ्या राहिल्या आणि मागच्या माणसांची रांग मुकाट्याने त्यांच्यामागे उजवीकडेच उभी राहिली. बाईंनी वळून माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं मी विसरणार नाही.

बॅगा हॉटेलात टाकल्या आणि त्या मला चालत घेऊन निघाल्या. नकाशा नाही, फोन नाही. लॉकडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर त्यांनी ते सगळे रस्ते इतक्या वेळा पाहिले होते की त्यांना पाठच होते. नदी, पूल, पुलापलीकडे दुसरी गल्ली. त्यांचं जुनं हॉटेल जाऊन तिथे आता फ्लॅट्सची इमारत झाली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या समोरच्या एका बुटक्या घरापाशी थांबल्या. वर उंच धुराडं, आणि दाराचं शटर ओढलेलं.

"हे?" मी विचारलं.

"इथे निळा पडदा असायचा," बाई म्हणाल्या. "दोन दिवस मी पाहत होते. बायका पडद्याआड जायच्या, थकलेल्या, मान खाली घालून. आणि बाहेर यायच्या त्या तोंडं लालबुंद, केस ओले, हसत. आत काय असतं ते मला कळेना. खूप वर्षांनी कुठेतरी वाचलं. सार्वजनिक स्नानगृह आहे ते." मग त्यांनी घसा साफ केला. "मला इथे आंघोळ करायची आहे."

शटरवर एक कागद होता. मी फोनने त्याचं भाषांतर केलं. आज आठवड्याची सुट्टी. उद्या दुपारी तीनला उघडेल.

बाईंनी इतकी तयारी केली होती, पण सुट्टीचा वार पाहायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं विमान होतं. मी हिशोब करून म्हटलं, "पटकन उरकलं तर जमेल. पण अगदी पटकन."

"आंघोळीला कितीसा वेळ लागतो," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीनच्या आधीच आम्ही तिथे हजर होतो. आमच्यापुढे पाचसहा म्हाताऱ्या, हातात प्लॅस्टिकच्या छोट्या टोपल्या घेऊन. पडदा अजून निळाच होता. आत चपला ठेवायच्या, पैसे द्यायचे, आणि मग बायकांच्या बाजूला सगळे कपडे काढायचे. सगळे. मला हे माहीत होतं, तरी माझे हात स्वेटरपाशी अडले. बाईंचेही अडलेले दिसले. एवढं सगळं ठरवून आलेल्या त्या बाई कपाटापुढे पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि साडीच्या पिनेशी उगाच खेळत होत्या.

"बाई, राहू दे का?" मी विचारलं.

"तू माझ्याकडे पाहू नकोस, मी तुझ्याकडे पाहत नाही," त्या म्हणाल्या. "एक, दोन, तीन म्हणू."

आत वाफ, आणि भिंतीवर एक पाटी: तोंडावर बोट ठेवलेल्या बाईचं चित्र. साथीमुळे आत बोलायला बंदी होती. ओळीने नळ, बुटकी स्टुलं आणि छोट्या बादल्या. बाईंचा चेहरा उजळला. स्टुलावर बसून बादलीने अंग धुणं, हे त्यांनी जन्मभर केलं होतं, टार्निटच्या चकचकीत शॉवरखाली पाट टाकूनसुद्धा. त्यांनी इतक्या सफाईने आंघोळ केली की शेजारची म्हातारी पाहत राहिली. मग आम्ही गरम पाण्याच्या मोठ्या टाकीत उतरलो. मास्क नाहीत. कित्येक महिन्यांत मी एवढी उघडी तोंडं एकत्र पाहिली नव्हती. बाकी सगळं उघडं होतं, पण मी तोंडांकडेच पाहत होते.

कोपऱ्यात एक छोटी टाकी रिकामी होती. बाईंनी मला तिकडे खुणावलं आणि माझ्याआधी स्वतःच जाऊन बसल्या. बसताक्षणी त्यांचे डोळे विस्फारले. त्या टाकीत पाण्यातून विजेचा बारीक प्रवाह सोडतात, सांधे दुखतात त्यांच्यासाठी. आम्हाला हे कुठून माहीत असणार. बाईंचे खांदे कानांपर्यंत गेले, एक हात हवेत गेला आणि त्या निःशब्द स्नानगृहात त्यांना येणारं एकमेव जपानी वाक्य खणखणीत आवाजात बाहेर पडलं:

"सकाना वा ताबेमासेन."

 मग एक म्हातारी फसकन हसली, दुसरीने तोंडावर हात धरला, आणि पाटीवरची बाई सोडून सगळ्याच जणी हसायला लागल्या. शेजारच्या म्हातारीने बाईंना हाताला धरून बाहेर काढलं. हसता हसता ती काहीतरी बोलत होती आणि बाईही मराठीत उत्तर देत होत्या. "अहो, मला वाटलं आता संपलंच."

तेव्हाच निघायला हवं होतं. मी घड्याळाकडे पाहत कपडे घातले. पण त्या म्हातारीने बाईंना बाकावर बसवलं, त्यांच्या हातात थंड दुधाची काचेची बाटली दिली आणि केस पुसायला दुसरा टॉवेल आणला. तुम्ही कुठल्या, असं तिने खुणेने विचारलं असावं. बाई उठल्या. वाफेने धुरकटलेल्या आरशावर त्यांनी बोटाने भारत काढला, पुण्याचा ठिपका दिला. खाली ऑस्ट्रेलिया, तिथे एक ठिपका. मग जपान, चारही बेटं. ओसाकावर बोट ठेवून त्यांनी दोन हातांनी कापड पसरल्याची खूण केली आणि म्हणाल्या, "मँचेस्टर."

तो शब्द म्हातारीला कळला नसेल. खूण कळली. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि दोन्ही हात वर करून हवेत अदृश्य सूत धरलं. तुटलेलं टोक शोधलं, चिमटीत पिळलं, सोडलं. पुन्हा पुढचं. हात भराभर चालत होते. मग हाताने आपली तेव्हाची उंची दाखवली, एखाद्या पोरीएवढी, आणि बोटं कानांत घातली. यंत्रांचा आवाज.

बाई खाली बसल्या. दुधाची बाटली मांडीवर. "गिरणीत होती ही," मला म्हणाल्या. "मी मुलींना एका गुणासाठी पाठ करून घेत होते."

"बाई, विमान," मी म्हटलं.

"हो," बाई म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत. त्यांनी म्हातारीला ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मग स्वतः शिकल्या. म्हातारी त्यांच्या चुका काढत होती, बोटं धरून सरळ करत होती. मी आणखी एकदा घड्याळ पाहिलं, आणि मग स्वतःसाठी दूध विकत घेतलं.

विमान अर्थातच गेलं. विमानतळावरून बाईंनी मुलाला फोन लावला.

"चुकलं म्हणजे? ट्रॅफिक होता का?" तो विचारत होता. "तुला बरं नव्हतं का? आई, झालं काय?"

"आंघोळ करत होते," बाई म्हणाल्या.

 मग त्याने फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं. मी त्याला सांगितलं की आई अगदी ठणठणीत आहेत, आणि ते खरंच होतं. त्यांचे गाल लाल होते, केस अजून ओलसर होते, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या विमानात जागा मिळाल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "उद्या सुट्टी नाही ना त्यांची?"

पुण्याला आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं, पंगती बसल्या होत्या. मला नाशिकला जायची घाई होती, पण बाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. नातेवाईक त्यांच्याभोवती जमले. कोणी रागावलेले, कोणी कौतुकाने. नवरदेवाच्या आत्याने जिलेबी वाढता वाढता विचारलं, "एवढ्या लांबून वळसा घातलास. तीन दिवस मिळाले म्हणे. काय काय पाहिलंस ओसाकात? किल्ला पाहिलास का?"

"किल्ला नाही पाहिला," बाई म्हणाल्या. "दोनदा आंघोळ केली."

आणि त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला.